शेजारच्या गावापर्यंत पायी

गेल्या वर्षी जानेवारीतील एका रविवारी आम्ही चौघे नाकाडोंगरीहून डोंगरी बुजुर्गकडे पायी निघालो. धान निघालेल्या बांध्यांत लाखोरी हिरवीगार होती, ऊन कोवळे होते. मँगनीजच्या खाणीचे ट्रक धूळ उडवतात, म्हणून आम्ही धुऱ्याधुऱ्याने चालत होतो.

अर्ध्या वाटेत आमच्यातले निवृत्त गुरुजी छातीवर हात ठेवून थांबले. म्हणाले, "काही नाही डॉक्टरसाहेब, गॅस आहे. चाललो की होते, थांबलो की जाते."

हीच तक्रार घेऊन ते महिन्यापूर्वी माझ्याकडे आले होते. मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या. चालताना होते का, हे मी विचारलेच नव्हते! त्यांना तिथेच बसवले, गाडी बोलावली व दवाखान्यात नेले. पुढील तपासणीत हृदयाची रक्तवाहिनी अरुंद झालेली आढळली.

वाचकहो, चालल्यावर छाती जड होणे आणि थांबल्यावर बरे वाटणे हा गॅस समजू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बसूनही दुखणे थांबत नसेल, घाम सुटत असेल, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.

मात्र या भीतीने चालणे सोडू नये. लंडनमध्ये बसचालकांपेक्षा सतत जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, असे डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखवून दिले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतका.

दिवसभराच्या पायपिटीला निघताना पाणी सोबत घ्या. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळपाय पाहावेत. उन्हाळ्यात ऊन तापण्याआधी परतावे. सोबत्यांमध्ये जो सर्वांत हळू चालतो, त्याच्या चालीने सर्वांनी चालावे.

औषधोपचारानंतर, डॉक्टरांच्या परवानगीने, गुरुजी यंदा त्याच वाटेने निघाले. ठिकठिकाणी बसत, गप्पा मारत डोंगरीला पोचले. चहा घेताना मी विचारले, "गुरुजी, छाती?"

ते हसून म्हणाले, "आता विचारलेत!"