हृदयरुग्ण आणि रक्ताची साक्ष

महाड-पोलादपूरच्या वाड्यांतील कित्येक हृदयरुग्ण मुंबईहून उपचार घेऊन गावी येतात आणि बरे वाटताच गोळ्या सोडतात. बांधवांनो, दुखणे थांबले तरी धोका टळत नाही, हे आम्ही कळकळीने सांगतो. तो धोका रक्तातून कळतो. एलडीएल कोलेस्टेरॉल रक्तवाहिनीत साचते. हृदयरुग्णात ते ७० मिलिग्रॅमपेक्षा कमी हवे. सीआरपी दाह दाखवते. पण ते तापातही वाढते. एनटी-प्रोबीएनपी हृदयावरील ताण सांगते. १९६३ साली नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेल्या लिपोप्रोटीन-ए या घटकाचे प्रमाण मुख्यतः आनुवंशिक असते; म्हणून वडिलांत ते जास्त आढळल्यास मुलांचेही तपासावे. एकटा आकडा म्हणजे भविष्य नव्हे. वय, मधुमेह, तंबाखू पाहूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात. विद्यार्थ्यांनो, घरातील रुग्णाचे रिपोर्ट जपा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद होऊ देऊ नका.