मालाची जागा कशी शोधावी

मृगाचें नक्षत्र जवळ येऊं लागलें कीं आमच्या संघाच्या कचेरींत एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडांनीं ऐकूं येतो: यंदा कोणतें पीक घ्यावें म्हणजे चार पैसे हातीं राहतील? प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. परंतु तो ज्या क्रमानें विचारला जातो, त्या क्रमांतच पुष्कळ नुकसानीचें मूळ आहे, असें आम्हांस वाटतें. ज्वारी किंवा गहूं यांस तूर्त भाव आला नाहीं तर तें धान्य कणगींत राहूं शकतें आणि घरच्या खाण्यासही उपयोगी पडतें. म्हणून तेथें पीक आधीं व गिऱ्हाईक मागाहून, हा क्रम चालून जातो. फळें, भाजीपाला व फुलें यांस ही सवड नाहीं. माल तोडला कीं दोन दिवसांत तो विकला तरी जातो, नाहीं तर उकिरड्यावर तरी जातो.

म्हणून पहिला प्रश्न असा असावा: कोणत्या गिऱ्हाइकास, कोणत्या दिवसांत, कोणत्या रूपांत माल हवा असून मिळत नाहीं? आणि दुसरा प्रश्न असा: तो माल आपल्या जमिनींत, आपल्या पाण्यावर व आपल्या घरच्या हातांनीं निघूं शकेल काय? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर जेथें एकत्र येतें, तिला आम्ही मालाची जागा म्हणतों. एक-दोन एकरांच्या धन्यानें मोठ्या बागायतदाराशीं केवळ वजनावर झुंज घेतली तर तो हरणारच. त्याचा तरणोपाय या लहान जागेंतच आहे.

गर्दीचा धोका

शेजाऱ्याला ज्या पिकांत पैसा झाला, तेंच पीक पुढच्या वर्षीं सर्व गांवानें लावावें, ही आपली जुनी खोड आहे. तिचा परिणाम काय होतो, हें व्हॅनिलाच्या उदाहरणावरून चांगलें कळतें. ही एक वेल आहे. तिच्या शेंगांचा सुगंधी अर्क आइसक्रीम व मिठाई यांत घालतात. जगांतील निपजेचा मोठा भाग मादागास्कर बेटांत होतो. सन २००० च्या एप्रिल महिन्यांत त्या बेटाला चक्रीवादळानें झोडपलें, माल तुटला आणि पुढील तीन-चार वर्षें भाव सारखा चढत गेला. तें पाहून केरळ व कर्नाटक येथील हजारों शेतकऱ्यांनीं वेली लावल्या. परंतु वेलीला शेंगा धरण्यास सुमारें तीन वर्षें लागतात. प्रत्येक फूल एकच दिवस उमलतें आणि त्याचें परागीकरण हातानें करावें लागतें. या वेली फळूं लागल्या तोंपर्यंत इतर देशांतील नव्या बागाही फळूं लागल्या होत्या, आणि महाग मालाला कंटाळून मोठ्या गिऱ्हाइकांनीं कृत्रिम सुगंधाची कास धरली होती. सन २००४ नंतर भाव कोसळला. कित्येकांनीं हातानें लावलेल्या वेली हातानेंच उपटून टाकल्या.

येथें पिकाचा दोष नव्हता व शेतकऱ्याच्या मेहनतीचाही नव्हता. आजचा भाव पाहून आपण जें लावतों, तें पुढल्या भावानें विकलें जातें, हें ध्यानांत घेतलें गेलें नाहीं. पीक जितकें उशिरां फळणारें, तितका हा धोका मोठा.

जागेचे चार प्रकार

पहिली जागा काळाची. नाशिकचीं द्राक्षें युरोपांत जातात, तीं केवळ गोड आहेत म्हणून नव्हे. दक्षिण आफ्रिका व चिली येथील हंगाम उतरणीस लागतो आणि इजिप्तचीं द्राक्षें अद्याप आलेलीं नसतात; मधल्या फटींत, विशेषेंकरून मार्च-एप्रिलांत, आपला माल तेथें पोंचतो. ही फट ओळखून सन १९९१ मध्यें सहकारी संस्थांनीं मिळून 'महाग्रेप्स' ही संस्था पुण्यास काढली. परंतु फट कायमची नसते. पेरूसारख्या देशांनीं लागवड वाढविल्यापासून ती अरुंद होत आहे. शिवाय अशा गिऱ्हाइकाच्या अटीही कडक असतात: सन २०१० मध्यें क्लोरमेक्वाट या वाढरोधक द्रव्याचा अंश आढळल्यानें आपला पुष्कळ माल युरोपांत नाकारला गेला होता. झेंडूची जागाही काळाचीच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशीं ज्या फुलाला मान असतो, त्यालाच दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीं कोणी विचारीत नाहीं.

दुसरी जागा हवापाण्याची. महाबळेश्वर, पांचगणी व वांई या भागांतील थंड हवा आणि निचऱ्याची तांबडी माती स्ट्रॉबेरीला मानवते. तेथें पावसाळा सरतांना रोपें लावतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फळें तोडतात. फळ अत्यंत नाशवंत. परंतु पुणें-मुंबईच्या पेठा जवळ, दाराशीं प्रवासी, आणि बारीक किंवा डागी फळ घेण्यास जॅम व सरबताचे कारखाने शेजारींच. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून ती जागा टिकली. सन २०१० मध्यें महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालें. नुसती थंड हवा पाहून दूरच्या डोंगरांत हें पीक लावणाऱ्यानें पेठ व कारखाना यांचें अंतर आधीं मोजावें.

तिसरी जागा रूपाची. तासगांव-सांगलीकडील द्राक्षें ताजीं विकण्याऐवजीं सुकवून त्यांचा बेदाणा करतात. सुमारें चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. वजन घटतें खरें, परंतु जो माल चार दिवसांत सडला असता तो शीतगृहांत कित्येक महिने राहतो, आणि विकण्याचा दिवस शेतकऱ्याला स्वतः निवडतां येतो. जालना आणि बुलढाणा जिल्ह्यांतील देऊळगांव राजा या भागांत भाज्यांचें संकरित बियाणें तयार करतात, तेंही रूपाचेंच उदाहरण. तेथें टोमॅटो किंवा मिरची खाण्यासाठीं विकली जात नाहीं. जाळीच्या छायेखालीं, हातानें परागीकरण करून, थोड्या गुंठ्यांत तिचें बीं काढलें जातें. मात्र बियाण्याची शुद्धता तपासणींत उतरली नाहीं तर मोबदला हातचा जातो.

चौथी जागा विश्वासाची. एकाच गांवचा गूळ, एकाच शिवाराचा तांदूळ, ठराविक घरचें तूप गिऱ्हाईक नांव घेऊन मागतें. घोलवडचा चिकू, पुरंदरचें अंजीर, आजऱ्याचा घनसाळ तांदूळ यांस सन २०१६ मध्यें मानांकन मिळालें. तें नांवाची राखण करतें, माल विकून देत नाहीं. एका पेटींत वर मोठें व खालीं बारीक फळ घालणारा एक माणूस सर्व गांवाच्या नांवाला बट्टा लावूं शकतो. ही जागा मिळविण्यास वर्षें लागतात आणि घालविण्यास एक हंगाम पुरतो.

पारख कशी करावी

जागा दिसली असें वाटलें म्हणजे लगेच नांगर जुंपूं नये. आम्ही पुढील क्रम सुचवितों.

एक, वर्षभर बाजार पाहावा. महिन्यांतून दोनदां तरी ज्या पेठेंत माल जाणार तेथें पहाटे उभें राहावें, आणि भावाबरोबर आवकही वहींत लिहावी. भाव चढा असून आवक अगदीं थोडी असेल, तर थोड्या वाढत्या मालानेंही तो भाव मोडेल.

दोन, विकत घेणाऱ्याशीं बोलावें, दलालाशींच नव्हे. खाणावळवाला, मिठाईवाला, कारखानदार यांना विचारावें कीं माल कोणत्या महिन्यांत मिळत नाहीं, आणि न मिळाल्यास ते काय करतात. दुसऱ्या वस्तूवर त्यांचें काम भागत असेल तर ती जागा पोकळ समजावी.

तीन, दुय्यम मालाची सोय आधीं लावावी. पहिल्या प्रतीचा भाव सर्वांनाच ठाऊक असतो. नुकसान दुसऱ्या प्रतींत होतें.

चार, पाणी व हात मोजावे. चैत्र-वैशाखांत विहिरीला किती पाणी राहतें आणि तोडणीच्या आठवड्यांत घरचीं व मजुरांचीं किती माणसें मिळतात, यांवरच क्षेत्र ठरवावें.

पांच, पहिल्या वर्षीं दहा गुंठ्यांहून अधिक लावूं नये, आणि त्याचा हिशेब पैशापर्यंत ठेवावा.

हिशेब कसा मांडावा तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. समजा, दहा गुंठ्यांस बीं, खत, औषध व मजुरी मिळून २०,००० रुपये लागले. माल १,००० किलो निघाला. त्यांतील ६०० किलो पहिल्या प्रतीचा ५० रुपयांनीं गेला, ३०० किलो दुय्यम १५ रुपयांनीं गेला आणि १०० किलो फुकट गेला. एकूण ३४,५०० रुपये आले. विकलेल्या ९०० किलोंवर वाहतूक, हमाली व बारदान किलोमागें ६ रुपये धरल्यास ५,४०० रुपये वजा जातात. सर्व खर्च जाऊन ९,१०० रुपये उरले. आतां पहिल्या प्रतीचा भाव ३० रुपयांवर आला असें धरा. तेव्हां याच मेहनतींत २,९०० रुपयांची खोट येते. मध्यें कोठें तरी तोल सांभाळणारा भाव असला पाहिजे. तो या उदाहरणांत सुमारें ३५ रुपये आहे. आपल्या पिकाचा हा आंकडा ज्याला लावणीपूर्वीं ठाऊक नाहीं, त्यानें तें पीक लावूं नये. ज्या पेठेंत गेल्या कांहीं वर्षांत भाव या आंकड्याच्या खालीं वारंवार उतरला आहे, तेथें एका वर्षाच्या तेजीस भुलूं नये.

जागा भरली म्हणजे

लहान जागेचा गुण हाच तिचा दोष आहे. ती लवकर भरते, आणि गिऱ्हाईक एकच असेल तर एका दिवसांत नाहींशीही होते. पुणें व मुंबई येथील मोठ्या हॉटेलांसाठीं ब्रोकोली, लेट्यूस, रंगीत ढोबळी मिरची अशा परदेशी भाज्या लावणाऱ्या शेतकऱ्यांस कित्येक वर्षें बरी किफायत झाली. सन २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, हॉटेलें बंद पडलीं, आणि उभा माल घेण्यास कोणी उरलें नाहीं. लग्नसराईच्या फुलांचीही तीच गत झाली. ज्यांच्या शेताच्या अर्ध्या भागांत ज्वारी, कडधान्य किंवा साधी भाजी होती, ते सांवरले. सर्व क्षेत्र एकाच जागेवर लावणाऱ्यांस कर्ज काढावें लागलें. म्हणून घरच्या धान्याचें व जनावरांच्या वैरणीचें क्षेत्र कधींही मोडूं नये, आणि नव्या पिकाला लागणारें भांडवल बुडालें तरी घर चालेल इतकेंच असावें.

येथें संघाचें काम सुरू होतें. एकट्या शेतकऱ्याला चांगली जागा सांपडली कीं ती लपवून ठेवण्याकडे त्याचा कल होतो. तरी ती लपत नाहीं, कारण गाडी रस्त्यानेंच जाते. त्याऐवजीं दहा-बारा जणांनीं एकत्र बसून कोणी किती गुंठे लावावे, कोणत्या आठवड्यांत तोडावें, प्रतवारी कशी करावी आणि पेटीवर कोणाचें नांव घालावें, हें ठरविलें, तर गिऱ्हाइकास नियमित माल मिळतो व आपसांत भाव पाडण्याची वेळ येत नाहीं. अमुक पेठेचा खप इतकाच आहे, असें दिसल्यावर नव्या सभासदास त्याच पिकांत न ओढतां दुसरी जागा शोधून देणें, हें त्या मंडळाचें कर्तव्य आहे.

यंदा पेरणीपूर्वीं प्रत्येक वाचकानें एक वही करावी, आणि तिच्या पहिल्या पानावर पिकाचें नांव न लिहितां गिऱ्हाइकाचें नांव लिहावें. तें पान कोरें राहिलें तर नेहमींचीं पिकें घ्यावीं व हें वर्ष बाजार पाहण्यांत घालवावें. त्यांत कमीपणा नाहीं. एक हंगाम थांबल्यानें कोणाची जमीन गेलेली नाहीं. गर्दीच्या मागें धांवून मात्र पुष्कळांचीं जमीन गहाण पडली आहे.