ऑलिव्हच्या बागेतले ब्रिटिश

ब्रिटनमधल्या विजेच्या किटल्या बहुतेक तीन किलोवॉटच्या असतात. इटलीतल्या बहुतेक घरांना मिळणारी वीजजोडणीही तीनच किलोवॉटची. त्यामुळे टस्कनीच्या टेकडीवर नव्याने राहायला आलेलं ब्रिटिश जोडपं ओव्हनमध्ये केक ठेवून चहासाठी किटलीचं बटण दाबतं, तेव्हा मीटरचा खटका पडतो आणि घर अंधारात जातं. मग टॉर्च घेऊन मीटरपर्यंत जायचं, खटका वर करायचा आणि परत येऊन ठरवायचं, आधी चहा की आधी केक. जोडणी वाढवून मिळते, पण बिलातला स्थिर आकारही वाढतो. बरेच जण शेवटी गॅसवर पातेलं ठेवून पाणी उकळायला शिकतात.

इटलीच्या खेड्यात घर घेण्याचं ब्रिटिशांचं वेड आपल्याला सिनेमांतून आणि प्रवासवर्णनांतून माहीत असतं. सायप्रेसच्या झाडांची रांग, द्राक्षमळे, अंगणात मांडलेलं लांबलचक जेवणाचं टेबल. किटलीचा खटका त्यात येत नाही. इटलीत राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकांची संख्या तीस हजारांच्या आसपास आहे. त्यातले पुष्कळ मिलान, रोमसारख्या शहरांत नोकऱ्या करतात. खेड्यातले मात्र आधी टस्कनीत आले, तिथले भाव चढल्यावर उंब्रियात, मग मार्के, आब्रुत्सो, पुलिया असे पूर्वेला आणि दक्षिणेला सरकत गेले. किआन्ती भागात त्यांची इतकी गर्दी झाली की ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला ‘किआन्तीशायर’ म्हणायला सुरुवात केली, जणू तो इंग्लंडचाच एखादा जिल्हा.

मुळात ही घरं रिकामी का होती? मध्य इटलीत शतकानुशतकं शेती अर्धेलीने चाले. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. प्रत्येक शेतावर एक दगडी घर, खाली गुरं आणि वर माणसं, म्हणजे हिवाळ्यात गुरांची ऊब वर येई. १९६४च्या कायद्याने असे नवे करार करायला बंदी आली, पण तोवर कुळांची तरुण मुलं कारखान्यांच्या वाटेला लागलीच होती. वीज, नळ, रस्ता नसलेलं ते घर सोडून शहरातल्या फ्लॅटमध्ये जाणं ही त्यांच्यासाठी सुटका होती. ज्या घरातून इटालियन शेतकरी आनंदाने बाहेर पडला, त्याच घरात शिरायला ब्रिटिश माणसाने पैसे मोजले आणि गोठ्याची बैठकीची खोली केली. कुळाला त्या टेकडीवरून काय दिसायचं? नांगरायची उरलेली जमीन. निसर्गदृश्य बघायला पोट भरलेलं असावं लागतं.

पहिल्या काही जणांना मात्र दृश्याने नाही, युद्धाने इथे आणलं होतं. प्रवासलेखक एरिक न्यूबी दुसऱ्या महायुद्धात इटलीत कैदी होते. १९४३मध्ये छावणीतून सुटल्यावर अपेनाइन डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांनी जिवावर उदार होऊन त्यांना लपवलं. १९६७मध्ये न्यूबींनी टस्कनीच्या उत्तर टोकाला फोस्दिनोवोजवळ एक पडकं घर घेतलं. हॅरी शिंडलर आन्त्सिओच्या लढाईत होते, १९८२मध्ये ते पुन्हा इटलीत आले आणि मार्केच्या किनाऱ्यावर कायमचे राहिले. या युद्धात मराठी माणूसही होता. उंब्रियातलं तिबेर नदीचं वरचं खोरं हा आज ब्रिटिशांचा आवडता भाग, उंबेर्तिदेच्या आसपास त्यांची दुरुस्त केलेली कितीतरी घरं आहेत. त्याच खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. जवळच्या मोंतोने गावात २०२३मध्ये त्यांच्या नावे सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. तिकडे कधी गेलात तर जरूर थांबा.

आता रोजचं जगणं. इटलीचा हिवाळा पर्यटकाला माहीत नसतो. साठ सेंटिमीटर जाडीच्या दगडी भिंती उन्हाळ्यात सुखद वाटतात आणि जानेवारीत थंडी धरून बसतात. गावाबाहेर पाइपगॅस नाही, त्यामुळे अंगणात एलपीजीची मोठी टाकी किंवा लाकडाची चूल हेच पर्याय. जळाऊ लाकूड क्विंटलवर विकतात, आणि ओलं लाकूड कोरड्याच्या भावात गळ्यात मारणारा विक्रेता सगळ्याच देशांत असतो. ओकचं लाकूड दीड-दोन वर्षं वाळलेलं हवं. म्हणजे या हिवाळ्याची सोय गेल्याच्या गेल्या वर्षी करायला हवी होती, हे नवख्याला पहिल्या डिसेंबरात कळतं. आब्रुत्सो आणि मार्केच्या डोंगरात बर्फ पडतो आणि घराकडे जाणारा खडीचा पांढरा रस्ता बहुतेक वेळा खासगी असतो. तो मोकळा कोणी करायचा? ट्रॅक्टरवाल्या शेजाऱ्याने. म्हणून शहाणा ब्रिटिश घराच्या छपराआधी शेजाऱ्याशी संबंध दुरुस्त करतो.

ऑलिव्हची गोष्ट अशीच. घराबरोबर चाळीस-पन्नास झाडं मिळतात आणि नवा मालक हरखतो. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. झाडाखाली जाळी अंथरायची, हाताने किंवा बॅटरीवर चालणाऱ्या फणीने फळं ओरबाडायची, क्रेट भरायचे आणि एक-दोन दिवसांत गावच्या घाण्यावर पोहोचवायची. उशीर झाला की फळ आंबतं आणि तेल बिघडतं. शंभर किलो फळाला साधारण बारा ते अठरा किलो तेल. एखाद्या वर्षी ऑलिव्हमाशी पडते आणि सगळं पीक अळीने खाल्लेलं निघतं, २०१४ साली मध्य इटलीत तेच झालं. जानेवारी १९८५च्या थंडीने तर टस्कनीतल्या बागाच्या बागा मारल्या. आज दिसणारी पुष्कळ झाडं त्या जुन्या बुंध्यांतून फुटलेल्या धुमाऱ्यांची आहेत. पण घाण्यावर आपल्या पाळीची वाट बघत तासन्‌तास थांबावं लागतं, आणि मला वाटतं, परदेशी माणसाची गावाशी खरी ओळख होते ती तिथेच. किती फळ आणलंत, उतारा किती पडला, हे प्रश्न कोणीही कोणालाही विचारू शकतो.

ओळखीची परीक्षा पाहतात ते शिकारी. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत शिकारीचा हंगाम चालतो, मंगळवार आणि शुक्रवार मात्र बंदीचे. इटलीच्या १९४२च्या दिवाणी संहितेचं ८४२वं कलम शिकाऱ्याला परवानगीशिवाय खासगी जमिनीत शिरू देतं, जमिनीला कायद्यात सांगितलेलं कुंपण नसेल तर. घरापासून शंभर मीटर अंतर मात्र त्याने राखायचं. जिथे आपल्या उंबऱ्याआत राजालाही मज्जाव असं मानतात, त्या देशातून आलेल्या माणसाला रविवारी पहाटे आपल्या बागेच्या कडेला नारिंगी जाकिटातली बंदूकधारी माणसं दिसतात तेव्हा काय वाटत असेल! पत्रं लिहिली जातात, पाट्या लावल्या जातात. मग एका रात्री रानडुकरांचा कळप येतो, भाजीचे वाफे आणि हिरवळ नांगरल्यासारखी उलथून टाकतो, आणि तोच माणूस शिकाऱ्यांच्या म्होरक्याचा फोन नंबर शोधू लागतो.

हे सगळं निभावता येतं. खरा घाम फोडला तो कागदांनी. ब्रिटन युरोपीय संघात होतं तोवर गावच्या कोमूनेत, म्हणजे ग्रामपंचायतीत, नाव नोंदवलं की काम होई. पोलिस येऊन खरंच राहता का ते पाहून जात, पुढे सोळा युरोचं मुद्रांक तिकीट चिकटवत आयुष्य सरकत राही. ३१ डिसेंबर २०२० रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि ही मंडळी रातोरात ‘बाहेरच्या देशांतले’ झाली. त्याआधीपासून राहणाऱ्यांचे हक्क करारात शाबूत ठेवले होते, पण त्याचा पुरावा म्हणून नवं कार्ड काढायला जिल्ह्याच्या पोलिस मुख्यालयात, क्वेस्तुरात, जाऊन बोटांचे ठसे द्यायचे होते. तिथल्या रांगेत मोरोक्कोचे मजूर होते, अल्बानियाचे गवंडी होते, पो नदीच्या खोऱ्यात गाई सांभाळणारे पंजाबी होते. खेड्यातल्या ब्रिटिशांनी स्वतःला स्थलांतरित कधीच मानलं नव्हतं. त्या रांगेत उभं राहणं त्यांच्या तब्येतीला बरंच झालं असं माझं मत आहे.

गाडीच्या परवान्याने तर दोन वर्षं झोप उडवली. खेड्यात बस दिवसातून एखादी, दुकान पाच-सहा किलोमीटरवर. ब्रिटिश परवाना यापुढे चालणार नाही म्हटल्यावर सत्तरीतल्या माणसांनी इटालियन भाषेतल्या लेखी परीक्षेची पुस्तकं आणली. तीस विधानं, खरं की खोटं, वीस मिनिटं, तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. पास झालात तर पन्नास वर्षं गाडी चालवलेले तुम्ही कायद्याने नवशिके. तीन वर्षं महामार्गावर ताशी शंभराच्या वर जायचं नाही आणि वाइनचा थेंबही घेऊन चाकामागे बसायचं नाही. किआन्तीत राहून! मुदतवाढी दर वेळी शेवटच्या घटकेला मिळत गेल्या. अखेर दोन्ही देशांचा करार ३० मार्च २०२३ रोजी लागू झाला आणि परवाना परीक्षेविना बदलून मिळू लागला. धीर धरलेले हसले आणि घोकून पास झालेले गप्प बसले.

ज्यांचं घर इटलीत पण कायमचं वास्तव्य ब्रिटनमध्ये, ते अधिक अडकले. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. जूनमध्ये आलेला माणूस ऑलिव्हच्या काढणीपर्यंत सलग थांबू शकत नाही. ऑक्टोबर २०२५पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आल्याने दिवस मोजण्यातली ढिलाईही संपत चालली आहे. नागरिकत्व घ्यावं म्हटलं तर युरोपीय संघाच्या नागरिकाला चार वर्षांचं वास्तव्य पुरतं, बाकीच्यांना दहा लागतात, शिवाय भाषेची परीक्षा. गावच्या निवडणुकीतलं मतही गेलं. दुसरीकडे ब्रिटनमध्ये पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्याचं मत रद्द होई. त्याविरुद्ध हॅरी शिंडलर म्हातारपणीही न्यायालयात लढत राहिले, २०१३मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात हरले. ती अट जानेवारी २०२४मध्ये उठली. शिंडलर २०२३च्या फेब्रुवारीत १०१व्या वर्षी वारले होते.

आता या मंडळींच्या बोलण्यात घराच्या दुरुस्तीपेक्षा डॉक्टर जास्त येतो. इटलीची सार्वजनिक आरोग्यसेवा १९७८मध्ये कायद्याने उभी राहिली. ब्रिटनची सरकारी पेन्शन घेणाऱ्याचा तिथला खर्च ब्रिटन उचलतं, ‘एस-वन’ नावाच्या फॉर्मवर. उपचार चांगले मिळतात. अडचण वेगळीच आहे. इटालियन रुग्णालयात पेशंटजवळ घरचं माणूस असणार हे गृहीत धरलेलं असतं. भरवायला, कपडे धुवायला न्यायला, डॉक्टर फेरीवर आले की चार प्रश्न विचारायला. मुलं लीड्स किंवा ब्रिस्टलला असलेल्या बाईजवळ कोण बसणार? बाजारात निभावणारं इटालियन छातीत कळ आल्यावर पुरत नाही. जोडप्यातला गाडी चालवणारा आधी गेला, की टेकडीवरचं घर दुसऱ्यासाठी बेट होतं. मग रोमानिया किंवा युक्रेनमधून आलेली सांभाळणारी बाई ठेवायची, गावात जिन्याविना घर बघायचं किंवा सगळं विकून परतायचं. मृत्युपत्राचाही घोळ असतो. इटलीचा कायदा जोडीदार आणि मुलांचा वाटा राखून ठेवतो. ऑगस्ट २०१५पासून आपल्या मायदेशाचा वारसा कायदा लागू करा असं मृत्युपत्रात लिहिता येतं, पण ते आधी लिहिलेलं असायला हवं.

विकायला निघालेली ही घरं आता कोण घेणार? २०२०पर्यंत तिशीतलं जोडपं व्हॅनमध्ये सामान आणि हत्यारं भरून येऊ शकत होतं, पडकं घर उभं करत करत गावात सुतारकाम किंवा इंग्रजीच्या शिकवण्या करू शकत होतं. त्यांची मुलं गावच्या शाळेत जात आणि वर्षभरात आईबापांना व्याकरण शिकवत. आता ब्रिटनमधून कायमचं यायचं तर सगळ्यात रुळलेली वाट म्हणजे एकट्या माणसाला वर्षाला सुमारे ३१ हजार युरोचं बसल्या जागचं उत्पन्न दाखवून मिळणारा व्हिसा, आणि त्यावर काम करायला बंदी. यापुढे येणारे सधन असतील, बहुतेक साठीच्या पुढचे असतील आणि दर ऑगस्टात त्यांच्या खिडक्या उघड्या दिसतील. गावची शाळा चालू ठेवायला लागणारी मुलं त्यांच्याबरोबर येणार नाहीत.