वळण सुटताना

चिपळूणहून कराडला निघालेली एसटी पोफळी मागे टाकून कुंभार्ली घाटाला लागली, की ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट मोक्याची. यू वळण जवळ आलं की ड्रायव्हरकाका हॉर्न देतात, गाडी बाहेरच्या अंगाला घेतात, कारण मागची चाकं नेहमी आतून कापत येतात. सेकंड गिअर वळणाआधीच पडलेला असतो. ऐन वळणात क्लच दाबला तर तेवढा वेळ इंजिनचा जोर तुटतो आणि भरली गाडी चढावर दम टाकते.

तिकिटं देणारे कंडक्टर मास्तर अशा वेळी दांडी धरत नाहीत. पाय फाकवून, कंबरेतून वळणाच्या आतल्या बाजूला कलतात. काका ॲक्सिलरेटर दाबू लागले की तेच अंग थोडं पुढेही झुकतं. गाडीवर कोणकोणतं बल येतंय, ते त्यांच्याकडे बघून कळतं.

वळवणारं आणि पुढे ढकलणारं, ही दोन्ही बलं टायर आणि डांबर यांच्या घर्षणातूनच मिळतात. वळवणारं बल गतीला काटकोनात असतं; ते दिशा बदलतं, ऊर्जा वाढवत नाही. वेग वाढवतं ते पुढे ढकलणारं बल, आणि त्याचं बिल डिझेल भरतं. वळणाची त्रिज्या 15 मीटर आणि भरलेली बस 15 टन धरू. ताशी 20 किलोमीटरला वळायला सुमारे तीन टन वजनाइतकं बल लागतं, 30 ला सात टनांइतकं. वेग दीडपट झाला, तर बल सव्वादोन पट. गतिज ऊर्जाही सव्वादोन पट.

टायरची पकड मात्र वाढत नाही. तिची वाटणी पगारासारखी सरळ वजाबाकीची नसते, कारण दोन बलं काटकोनात असतात. मागच्या चाकांची 80 टक्के पकड वळण्यात गुंतली, तरी पुढे ढकलायला 60 टक्के उरते. पूर्ण 100 टक्के गुंतली, तर काहीच नाही.

"मग वळणात दाबायचीच नाही का?" मी काकांना विचारलं.

"दाबायची की! पण स्टेअरिंग सोडत सोडत."

वळण उघडत जातं, त्रिज्या वाढते, वळायला लागणारं बल कमी होतं, आणि मोकळी झालेली पकड काकांचा पाय वापरतो. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर मुळातच पकड कमी. तेव्हाही क्रम हाच असतो. फक्त हात आधी सरळ होतात, पाय मागाहून दाबतो.