पामवरचा कोयता आवरा

दिवाळी तोंडावर आली की सोसायट्यांमध्ये ‘पाम साफ करण्याचे’ काम निघते. कोयतेवाला वर चढतो आणि उतरतो तेव्हा शेंड्यावर पाच-सहा उभ्या झावळ्या तेवढ्या उरलेल्या असतात. आवार चकाचक दिसते. झाडाची मात्र उपासमार सुरू होते. पामला आपण आंबा-वडाच्या पंगतीत बसवतो, पण वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात तो बांबू आणि ज्वारीच्या बाजूचा, एकदल. सालीखाली दरवर्षी नवे लाकूड घालणारा थर त्याच्या खोडात नसतो. आंब्याची फांदी छाटली तर जखमेवर कडेने नवी साल चढते; माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा मात्र वर्षानुवर्षे तशाच राहतात. शिवाय रॉयल, बॉटल किंवा फॉक्सटेल पामला वाढीचा कोंब एकच. तो गेला की झाड गेले. अरेका पाम बेटाने वाढतो, म्हणून एखादे खोड मेले तरी तो तगतो.

हिरवी झावळी अन्न तयार करते, हे उघडच आहे. पण जुनी, पिवळसर झावळीही निकामी नसते, हे सहसा ध्यानात येत नाही. जमिनीत पालाश कमी पडला की पाम तो जुन्या पानांतून काढून नव्यांना पुरवतो. म्हणून खालच्या पानांवर आधी पिवळे-नारिंगी ठिपके येतात आणि टोके करपतात. ती झावळी ‘घाण दिसते’ म्हणून तोडली की साठाच गेला, आणि वरच्या चांगल्या पानांतून पालाश ओढला जाऊ लागतो. त्यावर उपाय खताचा आहे: आळ्यात सल्फेट ऑफ पोटॅश आणि जोडीला मॅग्नेशियम सल्फेट. पिवळे झालेले पान पुन्हा हिरवे होत नाही, त्यामुळे फरक नव्या पानांवर दिसतो आणि त्याला वर्ष-दोन वर्षे लागतात. एवढा धीर बागकामाच्या कंत्राटात क्वचितच असतो. नवी पानेच आखूड आणि चुरगळलेली येत असतील, तर मँगनीजची शंका घ्यावी. चुनखडीच्या जमिनीत ते मुळांना नीट मिळत नाही.

यावर वादळाचा मुद्दा हमखास निघतो: शेंडा हलका केला तर झाड पडणार नाही. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडच्या किनाऱ्यावरच्या माड-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा ही भीती खोटी म्हणता येत नाही. पण चार झावळ्या कमी असत्या तर त्या बागा वाचल्या असत्या, असे मानायला आधार नाही. वादळे नित्याची असलेल्या फ्लोरिडातले विद्यापीठीय तज्ज्ञ तर अशा छाटणीला विरोधच करतात, कारण खालच्या झावळ्यांचा आधार गेलेला कोवळा शेंडा वाऱ्यात मोडू शकतो. शिवाय ताज्या कापांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात.

दुसरा आक्षेप खरा आहे. रॉयल पामची झावळी तीन-चार मीटर लांब आणि वजनदार असते. ती आपोआप गळते आणि खालच्या गाडीची काच फोडू शकते. पण हा दोष जागेचा आहे. वाहनतळालगत लावायचे झाड ते नव्हेच. पूर्ण वाळलेल्या झावळ्या, सुकलेल्या पोया आणि रस्त्यावर लोंबणारे नारळ जरूर काढावेत. बाकीच्यासाठी पुढच्या वेळी काम देताना कंत्राटातच लिहून घ्या: शेंड्याच्या बुडातून जमिनीला समांतर धरलेल्या आडव्या रेषेच्या वरची एकही हिरवी झावळी तोडायची नाही.