खुडूक कोंबडी : बसवायची की उठवायची?

दिंडोरी तालुका म्हटला की द्राक्षबागा आणि टोमॅटोचे मळे आठवतात. घरामागच्या पाच-सहा गावरान कोंबड्यांबद्दल कोणी बोलत नाही. पण अंडी विकून आलेला पैसा बहुतेक घरांत बाईच्याच हातात राहतो. मुलांची वही-पेन्सिल, घरातली साखर-चहापत्ती, कधी एखाद्या गरजूच्या हातावर ठेवायचे दहा-वीस रुपये त्यातूनच निघतात. त्यामुळे रोज अंडे देणारी कोंबडी एके दिवशी खुराड्यातून उठेचना, हात घातला की पिसे फुलवून चोच मारू लागली, की घरात चिडचिड होते. कोंबडी खुडूक झाली!

हा आजार नाही आणि हट्टही नाही. तिच्या अंगातले संप्रेरक बदलते आणि अंडी घालण्याचे काम थांबून ती उबवण्याच्या कामाला लागते. छातीची पिसे झडतात, म्हणजे अंड्यांना तिच्या कातडीची ऊब थेट मिळते. तुरा फिका पडतो. दिवसातून एखादवेळ ती उठते, घाईघाईने चार दाणे टिपते आणि पुन्हा जाऊन बसते. खाली अंडे असो वा नसो, तिला फरक पडत नाही.

गावरान कोंबडी साधारण बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस उबवण, त्यापुढे दीड-दोन महिने पिल्लांमागे फिरणे. वर्षाला पन्नास-साठच अंडी का मिळतात, याचे उत्तर या हिशेबात आहे. म्हणून पहिल्या दोन दिवसांतच ठरवावे, आपल्याला अंडी हवीत की पिल्ले. काहीच न ठरवता तिला रिकाम्या जागेवर बसू देणे सर्वांत वाईट. ती धुळीत लोळत नाही, त्यामुळे अंगात उवा होतात. खाणे तुटल्याने ती हलकी होत जाते. शिवाय बाकीच्या कोंबड्या त्याच जागी अंडी घालतात आणि ती तिच्या उबेने बिघडतात. असे अंडे फोडल्यावर रक्ताची रेघ दिसली की आपल्या घरांत ते टाकूनच दिले जाते. अंडी सकाळ-संध्याकाळ उचलावीत आणि प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडावे.

उठवायचे असेल तर जुने उपाय सगळ्यांना ठाऊक आहेत. बादलीत बुडवणे, नाकपुडीतून पीस ओवणे, पाय बांधून ठेवणे. मला यातला एकही पटत नाही. दिंडोरीच्या डिसेंबरातल्या थंडीत भिजवलेली कोंबडी आजारी पडू शकते आणि नाकात पीस घातल्याने तिला त्रासाखेरीज काही मिळत नाही. तिच्या पोटाखालची ऊब काढून घेतली तर ती आपोआप उठते.

त्यासाठी लागणारी वस्तू इथे घरोघरी पडून असते : टोमॅटोचे प्लास्टिकचे क्रेट. बुडाला जाळी असलेले एक क्रेट चार विटांवर ठेवावे, कोंबडी आत सोडावी आणि दुसरे क्रेट वर पालथे घालून सुतळीने बांधावे. आत भुसा, गवत, पोते काही घालू नये. खालून वारा लागला की पोट गार राहते आणि बसून राहण्यात तिला गोडी वाटत नाही. क्रेट उजेडात पण सावलीत असावे, रात्री मांजर-मुंगसाच्या तावडीत सापडणार नाही अशा जागी. दाणा-पाणी मात्र पोटभर. मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपण सर्वांनी ऐकली आहे. तिला उठवायचे आहे, उपाशी ठेवायचे नाही. तीन-चार दिवसांनी सोडून पाहावे. इतरांबरोबर चरायला गेली तर काम झाले, पुन्हा जुन्या जागेकडे पळाली तर आणखी दोन दिवस. पुढे दहा-पंधरा दिवसांत ती अंड्यावर येते. आठवडाभर बसू दिल्यानंतर हाच उपाय केला तर वेळ जास्त लागतो.

पिल्ले हवी असतील तर मात्र खुडूक कोंबडी ही बरकतच. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती सहसा उबवायला बसत नाहीत, त्यामुळे त्यांची अंडीही गावरान कोंबडीखालीच ठेवतात. तिच्या पोटाखाली मावतील इतकीच, दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली. कळपात कोंबडा हवा. दुकानातल्या पोल्ट्रीच्या अंड्यांतून पिल्लू निघणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात साठवलेली अंडी लवकर खराब होतात, म्हणून पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस बरे. विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात म्हणून काही घरांत त्यांत लोखंडी खिळा ठेवतात. ठेवा, बिघडत नाही. पण अंडी नासतात ती बहुधा शिळी असल्यामुळे.

सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे धरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे. नितळ दिसले तर ते काढून टाकावे. शेवटचे तीन दिवस तिला अजिबात उठवू नये.

मानमोडी आली तर सगळा कळप काही दिवसांत संपतो, म्हणून पिल्लांना पहिल्या आठवड्यातच डोळ्यात थेंब टाकून लासोटा लस द्यावी. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा जास्त पिल्लांची लस असते आणि पाण्यात मिसळल्यावर ती दोन-एक तासांत वापरावी लागते. दहा पिल्लांसाठी बाटली फोडायला कोणाचे मन होत नाही आणि लस राहून जाते. म्हणून शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून आपापल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात अंड्यांवर बसवाव्यात. पिल्ले एकाच वेळी निघतील, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून सगळ्यांची लस एकाच सकाळी उरकता येईल.