दुकानाच्या बोर्डावर दंड आला : भरायचा की भांडायचा?



१६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद. जाळं घरात, डोंगा काठावर पालथा, हातात पैसा नाही. अशातच मासळीच्या दुकानावरच्या बोर्डासाठी नगरपालिकेचा कागद आला, की माणूस गडबडतो. कोणी घाबरून पाचशेची नोट कोणाच्या तरी हातावर ठेवून मोकळा होतो, कोणी कागद चुलीत घालतो. दोन्ही चूक. पहिल्यात पैसे जातात आणि पावती राहत नाही, दुसऱ्यात दंड तसाच राहतो अन् उत्तर द्यायची मुदत निघून जाते.

आधी कागद कोणाचा आहे ते पहा. तिगावात दुकान असेल तर आपली ग्रामपंचायत. पांढुर्णा किंवा सौंसरच्या बाजारात बसत असाल तर तिथली नगरपालिका, म्हणजे सीएमओ साहेबांचं ऑफिस. बोर्ड नॅशनल हायवेच्या जागेत रोवला असेल तर हायवेवाले वेगळे, तिथे नगरपालिकेची परवानगी दाखवून भागत नाही. मग कागदावर कायद्याचं किंवा नियमाचं नाव आणि कलम आहे का, पाहणीची तारीख आहे का, बोर्डाचं माप लिहिलं आहे का, उत्तर द्यायला किती दिवस आहेत, हे एकेक वाचा. वाचता येत नसेल तर पोराला वाचायला लावा, पण सही करण्याच्या आधी.

आपल्या मध्य प्रदेशात बोर्डासाठी मुख्य दोन गोष्टी लागतात. एक, २०१७ चे आउटडोर विज्ञापन मीडिया नियम. होर्डिंग, जाहिरातीचे मोठे बोर्ड यांची परवानगी आणि फी यात येते. इथे आपली माणसं एका गोष्टीत फसतात. कोल्ड्रिंक नाही तर मोबाईल कंपनीवाला येतो, फुकटात चमकता बोर्ड लावून देतो. वर कंपनीचं नाव हातभर, खाली कोपऱ्यात आपलं बोटभर. नगरपालिका म्हणते ही कंपनीची जाहिरात, आणि कागद येतो दुकानदाराच्या नावाने. असा बोर्ड घेताना परवानगी आणि फी कोण भरणार, हे कंपनीच्या माणसाकडून लिहून घ्या. लिहून देत नसेल तर बोर्ड घेऊ नका, साधी रंगवलेली पाटी बरी.

दुसरा कायदा १९९४ चा, संपत्ति विरूपण निवारण अधिनियम. निवडणुकीत भिंतीवरची नावं पुसतात तो हाच. लोकांना दिसणारी भिंत, खांब, झाड यावर शाई, खडू, रंगाने लिहून खराब केलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. पण यातच एक सवलत आहे, ती फार कमी जणांना माहीत. जागेचा मालक किंवा तिथे राहणारा-बसणारा यांचं नाव-पत्ता लिहिणं यात गुन्हा धरलेलं नाही. म्हणून स्वतःच्या दुकानाच्या भिंतीवर नाव रंगवलं आणि त्यावर या कायद्याचा कागद आला, तर उत्तरात हे नक्की लिहा. विजेच्या खांबावर ‘ताजी रोहू-कतला मिळेल’ रंगवलं असेल तर मात्र गप्प भरा, तिथे वाद घालण्यासारखं काही नाही.

हातठेल्यावर, पाटी घेऊन बसणाऱ्या बायांसाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. त्यात विक्रेत्यावरचा दंड जास्तीत जास्त दोन हजार. ठेला किंवा माल उचलून नेला तर सहीची यादी द्यावीच लागते. आणि नाशवंत माल मागितला त्याच दिवशी परत करायचा असतो. मासळी नाशवंत नाही तर काय आहे? म्हणून यादी घेतल्याशिवाय जागा सोडू नका, आणि त्याच दिवशी ऑफिसात जाऊन लेखी मागणी करा.

आता उत्तर कसं द्यायचं. ऑफिसचं काम हिंदीत चालतं, म्हणून अर्ज हिंदीतच लिहा. लांबण नको. नोटीसचा नंबर आणि तारीख, बोर्ड कुठे आहे, टेपने मोजलेलं माप, बोर्ड स्वतःच्या दुकानाच्या हद्दीत आहे की बाहेर, कोणत्या नियमाने दंड लावला ते कळवा, आणि मला सुनावणी द्या. सोबत टेप धरून काढलेले फोटो, बोर्ड बनवल्याचं बिल, गुमास्ता असेल तर त्याची झेरॉक्स. दोन प्रती न्या. एक आवक शाखेत द्या, दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. त्या शिक्क्याशिवाय तुम्ही उत्तर दिलं हे कोणी मानणार नाही.

चूक आपलीच असेल, बोर्ड नालीच्या पलीकडे रस्त्यावर आला असेल, तर भांडण्यात दिवस घालवू नका. एक दिवसाची मजुरी दंडापेक्षा मोठी होते. बोर्ड काढा, काढल्याचा फोटो ठेवा, पैसे काउंटरवर भरून पावती घ्या. बोर्ड तसाच ठेवून नुसता दंड भरला तर पुढच्या महिन्यात पुन्हा चालान फाटू शकतं.

उत्तर देऊनही कोणी ऐकत नसेल तर १८१ वर सीएम हेल्पलाइनला तक्रार टाका, किंवा मंगळवारच्या जनसुनवाईत जा. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्यासाठी छिंदवाड्याची बस धरावी लागत नाही. नियमाची प्रत हवी असेल तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज होतो, तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, आणि बीपीएल कार्डवाल्यांना ते दहा रुपयेही नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं तर बायांना उत्पन्न न पाहता फुकट वकील मिळतो, १५१०० वर विचारा. दुकान घरच्या बाईच्या नावावर असेल तर हे विसरू नका.

नगरपालिका बोर्डांच्या मागे का लागते, असं पुष्कळ जण चिडून विचारतात. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला वादळात १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, १७ माणसं गेली. आपली पाटी चार फुटांची, हे खरं. पण गंजलेल्या तारेवर लटकलेला टिनाचा पत्रा खाली बसलेल्या गिऱ्हाइकाच्या डोक्यात पडला तर चार फूटही पुष्कळ होतात. तार बदलायला पन्नास रुपये लागत नाहीत.

सावनेर-नागपूरकडे दुकान टाकणाऱ्यांसाठी वेगळं. महाराष्ट्रात पाटी मराठीत, देवनागरीत, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. २०२२ पासून दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही हे लागू झालं. सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिने दिले होते, ते संपल्यावर मुंबईत महापालिकेने कारवाई सुरू केली. इकडची ‘मछली केंद्र’ची हिंदी पाटी तिकडे नेऊन टांगाल तर देवनागरी असूनही चालायची नाही, ‘मासळी केंद्र’ लिहून घ्या.

ज्यांच्याकडे असा कागद आला आहे त्यांनी तो, बोर्डाचा फोटो आणि दुकानाचा कागद घेऊन समितीत यावं. अर्ज इथेच बसून लिहू. मुदतीच्या शेवटच्या दिवशी येऊ नका, कागद मिळाला त्याच आठवड्यात या.